हाताला हात

महाकालाचं दर्शन घेऊन बाहेर पडताना निहारिकाने डोक्यावरचा पदर सावरला, आणि सुलूताईंचं मन पुन्हा लोभात पडलं. अशी सोन्यासारखी सून. देवा, अजून वेळ गेलेली नाही.

गेल्या रविवारी अनयने बेंगळुरूहून फोनवर आईला सांगून टाकलं होतं. माझं आणि निहारिकाचं जमत नाही. कोर्टात घटस्फोटाचा अर्ज दिलाय, पुढच्या महिन्यात तारीख आहे. त्याच्या वडिलांच्या, भय्यासाहेबांच्या हृदयात नुकतेच दोन स्टेंट बसलेले. त्यांना इतक्यात काही कळू द्यायचं नाही, असं मायलेकांत ठरलं. सुलूताईंनी एकच मागणं मागितलं, एकदा दोघं जोडीने या आणि एक दिवस उज्जैन बघून जा. लग्नानंतरच्या पाच वर्षांत सुनेने गाव धड पाहिलेलं नव्हतं. निहारिका आली ती सासऱ्यांच्या मायेपोटी. सुलूताईंनी मात्र महाकालाला गळ घातली होती, की दिवस मावळायच्या आत यांची मनं फिरव.

भय्यासाहेबांच्या अंगात तर वीस वर्षांचा पोरगा शिरला होता. टावर चौकात पोह्यांवर शेव आणि जिरावन मसाला भुरभुरून त्यांनी पहिली प्लेट सुनेपुढे धरली. वर जिलबी हवीच, म्हणाले, नाहीतर महाकाल दर्शन परत घेतो. हरसिद्धीच्या दीपमाळेखाली कीर्तनकाराच्या थाटात उभं राहून त्यांनी विक्रमादित्याची कथा लावली. मध्येच चाल धरली, दम लागला, तरी थांबेनात. येणारेजाणारे चार लोकही ऐकत उभे राहिले. निहारिका हसली, टाळ्या वाजवत राहिली. अनय बाजूला उभा राहून फोनमध्ये बघत होता. दुपारी दाल-बाफले जेवतानाही दोघं समोरासमोर बसले, शेजारी नाही. सुलूताई घासागणिक ते अंतर मोजत होत्या.

उन्हं उतरल्यावर सगळे रामघाटावर आले. पायरीवर दत्तात्रय गुरुजी दोन पाट मांडून वाटच बघत होते. त्यांना भय्यासाहेबांनीच सांगून ठेवलं होतं, घरात कुणाला न कळवता. क्षिप्रामाईची पूजा, मुलगा-सुनेच्या हातून.

"मी दवाखान्यात होतो ना, तेव्हा नवस बोललो होतो," ते अनयला म्हणाले. "चल भई, बैस आता."

अनय बसला. निहारिका त्याच्या उजव्या बाजूला बसली. सुलूताईंचा जीव सुपाएवढा झाला. देवाने ऐकलं म्हणायचं. हळद-कुंकू, फुलं, नारळ ठेवलेलं ताट त्यांनी आपल्या हाताने सुनेच्या हातात दिलं.

गुरुजींनी अनयच्या तळहातावर पळीभर पाणी घातलं. "सूनबाई, यांच्या हाताला हात लावा. संकल्प दोघांचा असतो."

निहारिकाने ताट डाव्या हातावर तोललं. उजवा हात उचलला. तो अनयच्या कोपरापर्यंत गेला आणि बोटभर अलीकडे थांबला. अनय पाण्याकडे बघत राहिला. निहारिकाने मान वर करून सासूकडे पाहिलं. त्या नजरेत तक्रार नव्हती. तुम्ही सांगाल ते करते, एवढंच होतं.

'लाव गं' म्हटलं असतं तर तिने लावला असता. एवढ्याचसाठी तर सुलूताईंनी सकाळपासून देवाला धरून ठेवलं होतं. पण समोर क्षिप्रा वाहत होती, आणि दुसऱ्याच्या पोरीकडून तिच्यासमोर खोटं वदवून घ्यायचं होतं.

"गुरुजी, थांबा," त्या म्हणाल्या. "तिला आत्ताच अडचण आलीय. पूजेला चालायचं नाही."

गुरुजींनी चटकन आपलं आसन मागे ओढलं. अनयच्या तळहातावरचं पाणी पायरीवर सांडलं.

 भय्यासाहेब ताटाकडे बघत होते. अशा दिवसांत जिने चाळीस वर्षं स्वतः देवघराचा उंबरा ओलांडला नाही, पाण्याच्या कळशीलासुद्धा हात लावला नाही, ती सुलू पूजेचं ताट सुनेच्या हातात तसंच ठेवून उभी होती. घ्यायला हातही पुढे झाला नव्हता. त्यांनी बायकोकडे पाहिलं. मग दोन पाटांकडे, लेकाकडे, सुनेकडे. त्यांचा हात छातीकडे गेला.

सुलूताई त्यांना धरायला धावल्या. पण भय्यासाहेबांनी खिशातून रुमाल काढला, चष्मा उतरवला आणि कितीतरी वेळ काचा पुसत राहिले.

"उठा रे पोरांनो," शेवटी ते म्हणाले. "आम्ही म्हातारे बसतो. बोललो तर मीच होतो."

गुडघ्यावर हात टेकत ते पाटावर बसले. सुलूताई शेजारी बसल्या. त्यांना नवऱ्याच्या तोंडाकडे बघवेना. गुरुजींनी नव्याने पाणी घातलं आणि मुलगा-सून दोघांची नावं एकत्र घेऊ का, म्हणून विचारलं.

"नको. वेगवेगळी घ्या. आधी तिचं," भय्यासाहेब म्हणाले.

"बरं. गोत्र तुमचंच, वसिष्ठ."

भय्यासाहेबांनी पाण्याने भरलेली ओंजळ तशीच धरून मागे वळून पाहिलं. निहारिका दोन पायऱ्या वर उभी होती.

"बेटा, तुझ्या बाबांचं गोत्र काय गं?"

गुरुजी म्हणाले, "साहेब, लग्न झालं की मुलीला सासरचंच गोत्र."

"तिला विचारतोय मी, गुरुजी."

घाटावर कुठेतरी घंटा वाजू लागली होती. 

"कौशिक," निहारिका म्हणाली.

भय्यासाहेबांनी मान हलवली आणि पुन्हा नदीकडे वळले.  सुलूताईंनी त्यांच्या हाताला हात लावला.