सैल वेण्या

“अराबाताई, दोन गोळ्या घेऊनच आलेय. ओढ आता बिनधास्त!” एफुआ हसत खुर्चीत बसली. शनिवारी तिचं लग्न होतं, म्हणून जुन्या वेण्या सोडून ती नव्या घालून घ्यायला आली होती.

घानातल्या सेकोंडीच्या बाजारात अराबाकडून वेण्या घालून घ्यायच्या तर आधी दुखण्याची गोळी घ्यायची, हे सगळ्या बायकांना ठाऊक. तिच्या हातच्या वेण्या दोन महिने जागच्या हलत नसत, आणि त्याचा तिला कोण तोरा!

अराबाने एफुआच्या डोक्याचा रुमाल सोडला आणि तिचा हात थांबला. कपाळाच्या कडेने केसतुडं उठली होती, पांढऱ्या तोंडाची. तीन आठवड्यांपूर्वी तिनेच वेण्या ताणल्या होत्या, बरोबर तिथेच. दोन ठिकाणचे केस तर मुळासकट गेले होते. अराबाला मेल्याहून मेल्यासारखं झालं.

“कधीपासून दुखतंय गं?”

“वेण्या घातल्या त्या दिवसापासून. पण तेवढं सोसायचंच ना?”

“वरून तेल थाप आणि गच्च घाल,” सोबत आलेली एफुआची आई म्हणाली. “सासरची माणसं येणारेत. तुला जमत नसेल तर समोर दुसरी बसलीये.”

बाकावर चार बायका नंबर लावून होत्या. सगळ्यांचे कान इकडेच.

“जा की, मावशी! ती याहून गच्च ओढेल, आणि वर्षभरात पोरीच्या कपाळावर केस उरणार नाहीत.” अराबा मुद्दामच मोठ्याने बोलली. “हे माझ्याच हातांनी झालंय. मीच निस्तरणार.”

बाकावरची एक उठून समोरच्या दुकानात गेली. अराबाला ते लागलं, पण तिने तिकडे पाहिलं नाही. कंगवा उकळत्या पाण्यात टाकला. साबणाच्या कोमट पाण्याने कपाळाची कड धुतली, गरम फडक्याने शेकली.

“फोडायचं नाही. तेल नाही, गंगावन नाही. रोज शेक घ्यायचा. चार दिवसांत उतरलं नाही तर सरळ दवाखाना.”

पुढचे केस तिने मोकळेच ठेवले. मागे जाड, सैल वेण्या घालायला घेतल्या.

“या शनिवारपर्यंत तरी टिकतील का?” आई फणकारली.

“सुटल्या तर शनिवारी पहाटे घरी येऊन पुन्हा घालीन.”

तिसरी वेणी चालू असताना एफुआची मान कलली. आई घाबरून तिला हलवायला पुढे झाली.

“राहू दे, मावशी. झोपलीये ती,” अराबा हळूच म्हणाली. “सतरा वर्षांत या खुर्चीत कुणाला झोप लागली नव्हती.”