अडतीस किलो

"अकरा किलो चारशे," भूमिकानं काट्यावरचा आकडा वाचला.

काट्यावर सीट होती. ठेंगण्या, लाल, दोनच माणसांच्या गाडीची डावी सीट. हुपरीच्या त्या कारखान्यात एरवी ह्या काट्यावर पैंजणांसाठी आणलेली कच्ची चांदी चढायची. आज सकाळी सकाळी मालकानं, म्हणजे भूमिकाच्या नवऱ्यानं, शशिधरनं, तिथं सीट आणून ठेवली होती.

"मग मी कुठं बसायचं?"

"शर्यतीत शेजारी कोण बसत न्हाय," तो पाना पुसत म्हणाला.

वजनं वाचणं हे तिचं सव्वीस वर्षांचं काम. ते तिनं केलं आणि व्हॅनची किल्ली घ्यायला आत गेली.

शशिधर एकावन्न वर्षांचा. साखळ्या विणायची यंत्रं आली, पोरं हाताशी आली, आणि कारखाना आपल्यावाचूनही व्यवस्थित चालतो हे त्याला एके दिवशी कळलं. तेव्हापासून त्याचा पाय घरात ठरेना. सहा महिन्यांपूर्वी त्यानं पुण्याच्या एका डॉक्टरांकडून ही गाडी घेतली. हलकी आहे म्हणून पळते, असं डॉक्टर म्हणाले आणि ते त्याच्या डोक्यात पक्कं बसलं. जन्मभर ग्रॅमवर जगलेल्या माणसाला दुसरं काय सुचणार? स्टेपनी गेली. रेडिओ गेला. पायाखालचा गालिचा गेला. कोल्हापूरच्या उद्यमनगरात सायलेन्सर हलका करून घेतला, चाकंही हलकी आणली. निघालेली एकूण एक वस्तू काट्यावर चढली.

चालवायला शिकायचं तेवढं राहून जात होतं. कोल्हापूरला माल पोचवणारी व्हॅन भूमिका चालवायची. शशिधर डावीकडे बसून फोनवर गिऱ्हाइकांशी बोलायचा. नव्या गाडीला मात्र त्यानं तिला हात लावू दिला नव्हता. "ही व्हॅन न्हाय," असं तिला दोनदा ऐकवलं होतं. ती आपली डाव्या सीटवर बसून बघत राहायची.

रविवारी शर्यत होती. कोल्हापूरबाहेरच्या माळावरच्या ट्रॅकवर आज पाचच्या आत जी गाडी एक मिनिट बारा सेकंदांत फेरी मारेल, तिलाच यादीत जागा. आणि इकडं मित्रमंडळानं हुपरीच्या स्टँडवर फ्लेक्स लावूनही टाकला होता. काळा चष्मा लावलेला शशिधर, खाली मोठ्या अक्षरांत 'आमचे अण्णा, वेगाचा बादशहा'. यादीत नाव लागलं नाही तर स्टँडवरून जायचं कुठल्या तोंडानं?

दुपारी ट्रॅकवर शशिधरची पहिली फेरी एक मिनिट सतरा. दुसरी सोळा. तिसरी अठरा.

"अण्णा, स्टिअरिंगशी झोंबू नकासा," ट्रॅकवर शिकवणारा धैर्यशील घड्याळ हातात घेऊन ओरडला. "गाडी वळायला तयार हाय. तुमीच तिला वळू देत न्हाईसा."

शशिधरनं ऐकलं की नाही कोण जाणे. तो उतरला आणि गाडीभोवती फिरू लागला. काढण्यासारखं अजून काय उरलंय? घाम गळत होता, पावणेपाच होत आले होते. शेवटी त्यानं पाना घेतला आणि तो काचेचे वायपर सोडवायला लागला.

मागून व्हॅन घेऊन आलेली भूमिका हे सगळं सावलीत उभी राहून बघत होती. ती पुढं आली.

"सहा महिन्यांत बेचाळीस किलो काढलासा," ती म्हणाली. "अडतीस अजून गाडीतच हायत."

त्याचे डोळे चमकले. "कुठं?"

"तुमी शहाण्णव. मी अठ्ठावन्न."

धैर्यशीलला हसू आवरेना. तो पाठ फिरवून हेल्मेट शोधायला गेला. शशिधरला राग आला, मग लाज वाटली. पण वजनाच्या बाबतीत भूमिका एकदाही चुकली नव्हती. त्यानं मान खाली घालून किल्ली पुढं केली. तिनं ओढणी काढून त्याच्या हातात दिली, सीट चांगली वीतभर पुढं ओढली आणि गेली.

पहिली फेरी एक मिनिट पंधरा. दुसऱ्या फेरीला शशिधर कठड्याला चिकटून उभा होता. त्याच्या हातात ही गाडी प्रत्येक वळणावर किंचाळायची. तिच्या हातात ती गप होती. वळणाच्या अलीकडेच वेग कमी व्हायचा आणि मग गाडी सरळ निघून जायची. शशिधरनं ओढणीचा बोळा मुठीत घट्ट धरला होता. फ्लेक्स तो साफ विसरला.

"एक मिनिट अकरा!" धैर्यशील ओरडला. "आणि अण्णा, हे नुसतं वजनाचं न्हाय हां." त्यानं यादीचा कागद काढला आणि चालकाच्या रकान्यात वैनींचं नाव लिहिलं.

गाडी समोर येऊन थांबली. भूमिकानं हेल्मेट काढलं. केस विस्कटलेले, तोंड लालबुंद. लग्नाच्या सव्वीस वर्षांत शशिधरनं तिला एवढं खुशीत पाहिलं नव्हतं.

"अवो, एवढी मजा असती व्हय ह्यात!" ती म्हणाली. "या की तुमी बी. बसा शेजारी, एक चक्कर मारू."

त्याला मनापासून बसायचं होतं. व्हॅनच्या सवयीनं तो लगबगीनं डावीकडे गेला आणि त्यानं दार उघडलं.

आत चार बोल्टांची भोकं होती.