एका ताऱ्याची चौकशी

"या फोनला साडेचार तारे आहेत, अण्णा. चाळीस हजार लोकांनी दिलेत. घेऊन टाका," वृंदा वडिलांना म्हणाली.

"ती मुलाकडची माणसं. स्थळाची चौकशी शेजाऱ्यांकडे करायची असते." तिचा मोबाइल नाकाशी धरून अण्णा फक्त एक तारा देणाऱ्यांच्या तक्रारी वाचत होते. एकीपाशी ते थांबले. "रिंग इतकी कर्कश, की खालच्या मजल्यावर ऐकू जाते. वा! म्हणजे मलाही येईल. हाच मागव."

वृंदा हसली नाही. तिच्या लग्नाआधी ते असेच नवऱ्याच्या बिल्डिंगमध्ये हिंडले होते. "मुलगा घुम्या आहे हो, भांडतसुद्धा नाही," ही शेजारणीची तक्रार ऐकून त्यांनी होकार कळवला होता. तो पंचनामा तिने त्यांना कधी माफ केला नव्हता.

फोन वेळेवर आला. अण्णा आदल्या दिवशी गेले होते.

तिने त्यांचं सिमकार्ड घातलं, तोच तो वाजला. खालच्या मजल्यावरून कुणीतरी ओरडलं. स्वयंपाकघरात नवरा भेटायला आलेल्यांचे कप न बोलता विसळत होता.

अण्णांच्या खुर्चीकडे वळून, त्यांना ऐकू जाईल इतक्या मोठ्याने ती म्हणाली, "अण्णा, दोन्ही चांगले निघाले."