शेवंतीचं नाव

"नाव किकुच ठेवा," गेन्जो पुन्हा म्हणाला, आणि शेवंतीच्या पाकळ्या खुडणारे सेत्सुचे हात थांबले.

पणतीच्या जन्माचा आज सातवा दिवस. संध्याकाळी तिचं नाव कागदावर लिहून भिंतीवर लावायचं होतं आणि दुपार झाली तरी नावाचा पत्ता नव्हता. नातजावई केइता अदबीने कुरकुरत होता. किकु म्हणजे शेवंती, आणि शेवंती म्हटलं की लोकांना मयताच्या फोटोपुढची फुलंच आठवतात. नाहीतर कच्च्या माशांच्या थाळीतलं ते पिवळं फूल, जे शोभेला ठेवतात आणि कुणी तोंडाला लावत नाही. शाळेतली पोरं सोडतील होय? त्याच्या आईने तर फोनवर सांगितलं होतं की असल्या नावाच्या बायका आता फक्त वृद्धाश्रमात सापडतात.

नात आकिहोला मात्र नाव गोड वाटत होतं. जुनी नावं पुन्हा येताहेत म्हणे.

"पण आजी, तू नको म्हणालीस तर नाही ठेवणार," ती हळूच म्हणाली. "नाव ऐकलं की तुझा चेहरा कसा होतो, ते मी पाहिलंय."

संध्याकाळपर्यंत सांगते, असं म्हणून सेत्सुने पाकळ्या उकळत्या पाण्यात टाकल्या. व्हिनेगर घातलेल्या या पाकळ्या गेन्जोला भारी आवडत. लग्न झाल्यापासून ती त्या करून घालत होती, आणि लग्न झाल्यापासूनच ते नाव तिच्या घशात अडकून बसलं होतं.

नवी नवरी म्हणून ती या घरात शिरली, तेव्हा गेन्जोच्या म्हाताऱ्या आत्याने आतूनच विचारलं होतं, "किकु आली का?" सासूने आत्याला डोळ्यांनी दटावलं. सगळे खाली बघायला लागले. सेत्सु काय समजायचं ते समजली.

सासूला विचारायची सोय नव्हती. तिचे आधीचे तीन मुलगे पाळण्यातच गेलेले. या घराला मुलगे लाभत नाहीत, असं गाव म्हणे. गेन्जो तेवढा हाती लागला, त्यामुळे त्याच्याबद्दल भलतंसलतं ती ऐकून घेत नसे.

मग एकेक गोष्ट जुळत गेली. दाणे भरलेल्या कापडी पिशव्या झेलायचा मुलींचा खेळ लेकीला शिकवला तो सेत्सुने नव्हे, गेन्जोने. कुठे शिकलात, विचारल्यावर तो कानापर्यंत लाल झाला. आणि आता म्हातारपणी तो झोपेत पुटपुटायला लागला होता, "किकुला नेऊ नका."

तिला ते फार लागायचं. माणूस इतका चांगला, की भांडायलाही कारण मिळू नये. तिच्या आजारपणात रोज सकाळी तिची वेणी घालून द्यायचा, तीही किती सफाईने. तेसुद्धा त्या किकुच्याच केसांवर शिकला असणार, असं मनात यायचं आणि डोळे भरायचे.

पाकळ्यांची वाटी घेऊन ती त्याच्याजवळ गेली. तो पाळण्याशी बसला होता. पोर दिवस भरायच्या आधी झालेली, मुठीएवढी.

"अहो, दुसरं कुठलं नाव नाही का सुचत?" तिने विचारलं.

"त्या नावाचं मूल जगतं, सेत्सु," तो म्हणाला. बोलताना त्याची हनुवटी थरथरत होती.

म्हणजे बाई अजून जिवंत आहे तर, सेत्सुच्या मनात आलं. पण त्या थरथरत्या हनुवटीकडे पाहून तिचा राग विरघळला. या वयात हेवा तरी किती करायचा? कुणीतरी त्याला इतकं आवडलं होतं, एवढंच ना? ती उठली आणि आकिहोला म्हणाली, "ठेवा किकु. माझी हरकत नाही."

संध्याकाळी केइताने शाईने नाव लिहिलं, भिंतीवर लावलं. घरातली मोठी म्हणून पहिली हाक आजीनेच मारायची, असं आकिहोने ठरवलं. गेन्जोला तोवर शेगडीपाशी डुलकी लागली होती. सेत्सु पाळण्यावर वाकली. जन्मभर टाळलेलं ते नाव तिने एकदा मनात घोळवलं, आणि मग आईच्या मायेने हाक मारली, "किकु, अगं किकु."

बाळ हललंही नाही. शेगडीपाशी गेन्जोने मिटल्या डोळ्यांनीच ओ दिली, "आले गं, आई."