धरलेला नंबर

गणपतीच्या गाड्यांचं बुकिंग तासाभरात उघडणार होतं आणि चाचणी चालवणारं मशीन मेमरी भरून पुन्हा बंद पडलं.

"मोठं मशीन मागवू या," फैयाज मुकादम म्हणाला.

वैजयंती ठोसर हसली. "पसारा झाला म्हणून कुणी मोठं घर घेतं का? आधी कोण काय साठवतंय ते बघू."

साइटवर गर्दी करायला तिने लाखभर कृत्रिम प्रवासी सोडले होते, अस्सल कोकणी माणसांच्या स्वभावावर घडवलेले. रांग नीट लागतेय का बघायला सकाळी ती स्वतःही क्षणभर त्यांच्यात शिरली होती. तिकीट मिळालं की प्रवासी पुसला जाई. तरी मेमरी भरतच होती.

ती रांगेतलं बोलणं ऐकू लागली. जो तो मागच्याला सांगत होता, "माझा नंबर धरा हां, दुसऱ्या खिडकीवर बघून आलोच." तिथे तिकीट मिळून तो पुसला जाई. मागचा मात्र दिलेल्या शब्दाला जागून त्याला विसरायला तयार नव्हता, म्हणून पुसलेलाही मेमरीत उरत होता.

वैजयंतीने घोषणा टाकली, "मंडळी, गेलेल्यांना तिकिटं मिळाली. आता कुणाचा नंबर धरू नका."

मेमरी झरझर रिकामी झाली. फक्त रांगेतली एक काकी हटेना.

"काकी, तुम्ही कुणाचा नंबर धरलाय?"

"तुझोच गो. सकाळी बघूक म्हणून उभी रवलंस नि गेलंस ती गेलंस. तुका घराक जावचा नाय?"

चाचणी पास झाली. बुकिंग उघडलं, तेव्हा पहिलं तिकीट वैजयंतीने काढलं. कुडाळचं, सात वर्षांनी.