कपाळावरची फांदी

"आत्या, तुझं डोकं दे ना घटकाभर," तुळजा म्हणाली.

राजसबाईंनी पदर आणखी पुढे ओढला. सोळाव्या वर्षी कपाळ पांढरं झालेली बाई. तेव्हापासून न्हाव्याखेरीज कुणी त्यांचं डोकं पाहिलं नव्हतं.

तुळजाचा तरी काय इलाज होता? उद्या डॉक्टरकीची तोंडी परीक्षा. गेल्या खेपेला परीक्षकांनी जिवंत माणसाच्या डोक्यावर रक्तवाहिन्या दाखवायला सांगितल्या आणि हिची दातखीळ बसली. पुन्हा नापास झाली तर वेंकोबा लेकीला कॉलेजातून काढून उजवून टाकणार होते. आणि तमिळ मुलखातल्या तिरुवल्लिकेणीच्या त्या मराठी घरात बाकी साऱ्यांची डोकी केसांनी गच्च भरलेली.

"दादा बोलला तसं करेल," राजसबाई पुटपुटल्या. मग त्यांनी आपल्या हातानं पदर खाली घेतला.

डोकं केवढंसं होतं! सकाळीच वस्तरा फिरलेला, कानामागे लालसर ओरखडा.

काजळानं तिनं कानशिलावरचा स्नायू काढला. "दात आवळ, आत्या." स्नायू टरारून वर आला आणि दोघी हसल्या. धमन्यांना मात्र लाल रंग हवा होता, आणि लाल पेन्सिल कातडीवर उमटेना.

"देवघरातलं कुंकू भिजव," राजसबाई म्हणाल्या.

"आत्या!"

"परवा इल्लै गे, कण्णा, काही बिघडत नाही. अभ्यासाला कसला विटाळ?"

तुळजानं कानापुढे बोट टेकलं. ठोका लागला. तिथून तिनं कुंकवाची रेघ वर नेली. एक फांदी टाळूकडे गेली. दुसरी पुढे निघाली, आणि भुवईच्या वर तिचा हात अडखळला.

"का गे थांबलीस?"

"ही कपाळावर येते, आत्या."

"मग येऊ दे की. माझं रक्त तेवढं वळसा घालून जातं काय?"

रेघ कपाळावर आली. बोटाखालचा ठोका भरभर पडू लागला. तुळजानं साऱ्या फांद्या नावानिशी घडाघडा म्हटल्या, एकही चुकली नाही. मग तिनं ओला पंचा उचलला.

"पुसू?"

राजसबाई भिंतीवरच्या आरशात बघत होत्या. "असू दे जरा. तुझं पाठ होऊ दे."

पाठ तर झालंच होतं. तुळजानं पंचा खाली ठेवला आणि पहिल्या फांदीपासून पुन्हा म्हणायला सुरुवात केली.