धाकटीला सुई नको

"नाक," थोरली म्हणाली.

धाकटीनं हातातला पेला खाली ठेवला आणि बहिणीचं नाक खाजवलं.

"वर. अजून वर. एवढंही जमू नये का गं?"

थोरलीच्या दोन्ही हातांत सुया होत्या आणि हात हलवायला सक्त मनाई होती. एका हातातून रक्त निघायचं, पलंगाशेजारच्या कपाटाएवढ्या यंत्रात जायचं, तिथं त्यातल्या मूळपेशी वेगळ्या व्हायच्या आणि उरलेलं रक्त दुसऱ्या हातानं परत यायचं. वर टांगलेल्या पिशवीत टोमॅटोच्या रसासारखं काहीतरी हळूहळू साठत होतं.

ती पिशवी आईसाठी होती. आईच्या हाडांतली मज्जा नासली होती आणि जालीम औषधांनी ती आता पुरती मारून टाकली होती. ह्या पेशी चढल्या आणि रुजल्या तरच आई जगणार होती.

आईसाठी थोरलीनं हातच काय, पायही पुढे केले असते. तिच्या पोटात दुखत होतं ते वेगळ्याच कारणानं.

घरच्यांचं रक्त तपासायचं ठरलं, तेव्हा आईनं डॉक्टरांना बजावलं होतं, "थोरलीचं घ्या. धाकटीला सुई लावायची नाही. नाजूक आहे ती."

नाजूक! धाकटी पोहायला शिकवायची. रोज सकाळी पोरांच्या झुंडीच्या झुंडी पाण्यात ढकलायची आणि बुडणाऱ्याला एका हातानं बाहेर काढायची.

पण पहिल्यापासून हे असंच. कामाला थोरली, लाडाला धाकटी. धाकटीला ताप आला की आई उशाशी बसून राहायची, थोरलीला आला की, "गोळी घे आणि पड." दोघी पाठोपाठच्या, पण धाकटीला तळहातावरच्या फोडासारखं जपलेलं. आताही पेशी रक्तात उतराव्यात म्हणून थोरलीनं रोज इंजेक्शनं घेतली. कंबर फुटेस्तोवर दुखली. आईनं वरच्या मजल्यावरच्या काचबंद खोलीतून फोन केला, तो काय विचारायला? "धाकटी जेवली का?"

"ओठांना मुंग्या येताहेत," थोरली कुरकुरली.

नर्सनं कॅल्शियमची गोळी तिच्या जिभेवर ठेवली. "होतं असं. रक्त गोठू नये म्हणून औषध घालतो ना, त्यानं." ती पडद्याआडच्या दुसऱ्या पलंगाकडे गेली.

धाकटीनं बहिणीच्या पायांवरचं पांघरूण सारखं केलं. त्या हळुवारपणानं थोरलीच्या नाकाला मिरच्याच झोंबल्या.

"तुझं बरं आहे बाई. ना सुई, ना दुखणं. मी पिळून निघायचं आणि बरी झालेली आई तुला आयती मिळायची. तिनं तुला कधी कशाला हात लावू दिला नाही, आणि तूही कधी लावला नाहीस."

धाकटी पांघरुणाची कड गादीखाली खोचत राहिली.

"ताई, मी केली होती तपासणी."

"कधी?"

"तुझ्याआधी. आईला न सांगता. डॉक्टरांच्या पाया पडले, तेव्हा कुठं त्यांनी रक्त घेतलं."

"मग?"

"नाही जुळलं."

"थोडंसं तरी?"

"थोडंसुद्धा नाही." धाकटीनं मान वर केली नाही. "तू नशीबवान आहेस गं. आणि मी रक्त दिलं होतं, हे आईला कळू देऊ नकोस. तुला माझी शपथ आहे."

"का?"

"तिला लागेल ते." ती उठली. "काचेतून बघून येते तिला."

थोरली एकटी उरली आणि तिला हसू आवरेना. आई वर मरणाच्या दारात असताना हसू यावं याची लाज वाटली, पण ते काही थांबेना. जन्मात पहिल्यांदा धाकटीकडे नसलेलं काहीतरी तिच्याकडे होतं. एवढी ती लाडकी, आणि वेळ आली तेव्हा आईच्या कामाला कोण आलं? हे कुणाला तरी सांगितल्याशिवाय तिला राहवेना.

नर्स पिशवी बघायला परत आली.

"सिस्टर, माझं आईशी बरोब्बर निम्मं जुळलं. आणि आमच्या धाकटीचं तर काहीच नाही, बघा!"

"सख्खी नसेल हो ती," नर्स पिशवी हलवत सहज म्हणाली. "पोटच्या लेकराचं आईशी निम्मं जुळतंच."